गॉल्फमधील आखूड फटके

गॉल्फच्या खेळात चेंडू हिरवळीच्या आसपास येऊन पडल्यावर तो खळग्याजवळ नेण्यासाठी जे लहान अंतराचे फटके मारतात, त्यांना आखूड फटके म्हणतात. हिरवळ म्हणजे खळग्याभोवतीचा अत्यंत बारीक कापलेल्या गवताचा पट्टा. खेळाडू त्याला ‘ग्रीन’ म्हणतात. आखूड फटक्यांत चिप, पिच, लॉब आणि बंकरमधून मारावयाचा फटका यांचा समावेश होतो. हिरवळीच्या काठाबाहेरून पटरने चेंडू घरंगळत नेणे, हाही व्यवहारात याच वर्गातील प्रकार होय. हिरवळीवर प्रत्यक्ष खेळले जाणारे पटरचे फटके मात्र सामान्यतः वेगळे मानतात.

लांब फटक्यात खेळाडू शक्यतो एकसारखा पूर्ण झोका घेतो आणि अंतराचा फरक क्लब बदलून साधतो. आखूड फटक्यात ही सोय नसते. चेंडू किती उंच उडवावा, तो कोठे टेकवावा, टेकल्यावर किती घरंगळू द्यावा व त्यासाठी कोणता क्लब किती वेगाने फिरवावा, या सर्व गोष्टी प्रत्येक वेळी नव्याने ठरवाव्या लागतात. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२·६७ मिमी. व वजन जास्तीत जास्त ४५·९३ ग्रॅ. असते. खळग्याचा व्यास १०८ मिमी. असतो व हे माप १८९१ मध्ये सेंट अँड्रूझच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने निश्चित केले. लक्ष्य इतके लहान असल्याने आखूड फटका थेट खळग्यात जाणे हा बहुतांशी योगायोग असतो. चेंडू खळग्यापासून एका पटरच्या फटक्याच्या टप्प्यात आणणे, हा त्याचा खरा उद्देश होय.

महत्त्व : बहात्तर फटक्यांच्या प्रमाणित मैदानावर अठरा खळग्यांना प्रत्येकी दोन याप्रमाणे छत्तीस फटके हिरवळीवरील पटरसाठी गृहीत धरलेले असतात. उरलेल्या छत्तीस फटक्यांत चेंडू अठरा वेळा हिरवळीवर पोहोचावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक खेळाडूंनाही हे सरासरीने दोन-तृतीयांश वेळाच जमते. म्हणजे एका फेरीत सु. सहा हिरवळी हुकतात. हौशी खेळाडूच्या बाबतीत हुकलेल्या हिरवळींची संख्या याहून बरीच अधिक असते. अशा वेळी होणारे नुकसान आखूड फटक्यानेच भरून काढता येते.

या फटक्याची किंमत पुढील आकड्यांवरून लक्षात येईल. व्यावसायिक खेळाडू ३ फुटांवरून, म्हणजे ९० सेंमी. अंतरावरून, शंभरापैकी सु. ९६ वेळा चेंडू खळग्यात घालतो. ८ फुटांवरून म्हणजे जेमतेम अडीच मीटरांवरून हे प्रमाण निम्म्यावर येते आणि २० फुटांवरून ते शेकडा १५ च्या आसपास राहते. पहिल्या दोन अंतरांतील फरक दीड मीटरांचा आहे. चिप मारताना चेंडू हातभर पुढे-मागे टेकला किंवा पाते गवतात किंचित अडकले, तरी तेवढा फरक सहज पडतो व त्यासाठी जवळजवळ अर्धा फटका मोजावा लागतो.

आखूड फटकेच सामने जिंकून देतात, असे प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. या समजुतीला कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांच्या संख्याशास्त्रीय अभ्यासाने काहीशी मर्यादा घातली. अव्वल व सामान्य व्यावसायिक खेळाडू यांच्या गुणसंख्येतील सु. दोन-तृतीयांश फरक लांब फटक्यांमुळे पडतो आणि आखूड फटके व पटर यांचा वाटा मिळून उरलेल्या एक-तृतीयांशाचा असतो, असे त्यांना आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे विवेचन आहे. तथापि त्यावरून आखूड फटके गौण ठरत नाहीत. ज्याच्याजवळ दूरवर फटका मारण्याची ताकद नाही, त्याला उपलब्ध असलेले हेच साधन आहे आणि ते कोणत्याही वयात सुधारता येते. अमेरिकन खेळाडू पॉल रन्यन अंगाने लहानखुरा होता व त्याचे लांब फटके प्रतिस्पर्ध्यांच्या बरेच मागे राहत. १९३८ च्या पीजीए अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची गाठ सॅम स्नीड या त्या काळातील सर्वांत लांब फटके मारणाऱ्यांपैकी एका खेळाडूशी पडली. रन्यनने सात खळगे शिल्लक असताना आठ खळग्यांची आघाडी घेऊन स्नीडला हरविले. भारताची आदिती अशोक हीही लांब फटक्यांसाठी ओळखली जात नाही. टोकिओ येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत मुख्यतः हिरवळीवरील व तिच्या आसपासच्या खेळाच्या बळावर तिने चौथे स्थान मिळविले. पदक तिच्या हातून केवळ एका फटक्याने निसटले.

इतिहास : स्कॉटलंडच्या समुद्रकिनाऱ्यावरील ‘लिंक्स’ नावाच्या वालुकामय, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर हा खेळ वाढला. तेथील जमीन टणक व गवत आखूड असे. त्यामुळे चेंडू उंच उडविण्यापेक्षा जमिनीलगत मारून घरंगळत नेणे हाच स्वाभाविक मार्ग होता. पिसे भरलेला कातडी चेंडू महाग असे व लोखंडी पात्याने तो फाटण्याची भीती असल्याने लोखंडी क्लब अडचणीच्या जागीच वापरीत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा टिकाऊ व स्वस्त चेंडू आला आणि लोखंडी क्लबांचा वापर वाढला. हिरवळीकडे लोटत नेण्याचे फटके लोखंडी क्लबने मारण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय सेंट अँड्रूझच्या ॲलन रॉबर्टसनला देतात. गाडीच्या चाकोरीत अडकलेला चेंडू बाहेर काढण्यासाठी लहान पात्याचा एक क्लब असे. तोच वापरून चेंडू उंच उडवून हिरवळीवर थांबविण्याचे तंत्र धाकट्या टॉम मॉरिसने पुढे आणले, असे मानतात.

विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे सँड वेज. त्यापूर्वी बंकरमधून चेंडू काढण्यासाठी जी पातळ धारेची पाती वापरीत, ती वाळूत खोल रुतत. चमच्यासारख्या खोलगट मुखाचा एक वेज काही काळ प्रचारात आला होता. परंतु त्याने एकाच झोक्यात चेंडूला दोनदा स्पर्श होण्याचा संभव असल्याने १९३१ मध्ये त्यावर बंदी आली. अमेरिकन खेळाडू जीन सॅराझेन याने पात्याच्या तळाला मागील बाजूस शिसे-कथिलाचा जाड थर डाखून तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आणली. ही कल्पना आपणास विमानाच्या शेपटीची हालचाल पाहून सुचली, असे तो सांगे. या क्लबच्या साहाय्याने त्याने १९३२ ची ब्रिटिश खुली स्पर्धा सँडविचजवळील प्रिन्सेस मैदानावर जिंकली. हा क्लब अधिकाऱ्यांच्या नजरेस पडून त्यावर बंदी येऊ नये, म्हणून स्पर्धेपूर्वी आपण तो लपवून ठेवीत होतो, असेही त्याने पुढे सांगितले. वस्तुतः त्यात नियमबाह्य असे काही नव्हते आणि आज जगातील जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या पिशवीत त्याच धर्तीचा क्लब असतो.

१९८० नंतर सु. ६० अंश कलाचा लॉब वेज प्रचारात आला. अमेरिकेच्या अवकाश संशोधन संस्थेत पूर्वी काम केलेले डेव्ह पेल्झ यांनी त्याचा पुरस्कार केला व टॉम काइटने तो प्रथम व्यावसायिक स्पर्धांत वापरला. एकूण चौदाच क्लब बाळगण्याची मर्यादा १९३८-३९ पासून असल्याने नवा वेज घ्यावयाचा, तर एखादा लांब पल्ल्याचा क्लब घरी ठेवावा लागतो. पात्यावरील खाचांच्या कडा किती तीक्ष्ण असाव्यात, यावर २०१० पासून व्यावसायिक स्पर्धांत निर्बंध आले. उंच गवतातूनही चेंडूला भरपूर फिरकी देता येत असल्याने सरळ व आखलेल्या मार्गावर फटका मारण्याला काही मोलच राहिले नव्हते, हे त्यामागील कारण.

साधने व यांत्रिकी : वेजचे वर्तन मुख्यतः दोन कोनांवर अवलंबून असते. मुखाचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे ‘लॉफ्ट’. पिचिंग वेजमध्ये तो सु. ४४ ते ४८ अंश, सँड वेजमध्ये ५४ ते ५८ अंश आणि लॉब वेजमध्ये ६० अंशांच्या आसपास असतो. दुसरा कोन तळाचा. पात्याची पुढची कड जमिनीपासून किती वर उचललेली राहते, हे त्यावरून ठरते व त्याला ‘बाउन्स’ म्हणतात. सँड वेजमध्ये तो बहुधा १० ते १४ अंश असतो. नांगराचा फाळ जमिनीत घुसतो व होडीचा तळ पाण्यावरून सरकतो. बाउन्स कमी असलेले पाते फाळासारखे व जास्त असलेले होडीसारखे वागते. म्हणून मऊ वाळू व दाट गवत यांसाठी अधिक बाउन्स उपयोगी, तर कडक, उघड्या जमिनीवर तोच घातक ठरतो. कारण तेथे तळ आपटून उसळतो व पुढची कड चेंडूच्या मध्यावर आदळते.

चेंडू ज्या दिशेने सुटतो, ती मुख्यतः आघातक्षणी मुख कोठे रोखलेले आहे, यावरून ठरते. झोक्याच्या दिशेचा परिणाम त्यामानाने कमी असतो. उलट फिरकी मात्र घर्षणातून निर्माण होते. मुख व चेंडू यांच्यात काही नसेल, तर चेंडू मुखाला धरून फिरतो, सापेक्षतः खालच्या कोनात सुटतो आणि हिरवळीवर एक-दोन टप्प्यांत ‘धरतो’. मध्ये गवताची पाती, दव किंवा पावसाचे पाणी आले, तर तो मुखावरून घसरतो, अधिक उंच सुटतो. पण फिरकी कमी असल्याने टेकल्यावर अपेक्षेपेक्षा लांब घरंगळतो. उंच उडालेला चेंडू लवकर थांबतोच, असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

चेंडू वर उडविण्यासाठी पाते वर उचलावे लागते, हा नवशिक्याचा सर्वांत हट्टी गैरसमज होय. उंची देण्याचे काम लॉफ्ट करतो; पात्याने किंचित खाली येत प्रथम चेंडूला व मग जमिनीला स्पर्श करावयाचा असतो. चेंडूला पळीने उचलल्यासारखे वर टाकू पाहणाऱ्याच्या झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे येतो. मग एकतर मागची माती खणली जाऊन चेंडू पायाशीच राहतो किंवा वर येणारी कड चेंडूच्या मध्यावर बसून तो हिरवळीपलीकडे जातो. दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध दिसत असले, तरी त्यांचे मूळ एकच असते.

फटक्यांचे प्रकार : चिपमध्ये चेंडू हवेत थोडा वेळ राहतो व बराच घरंगळतो. पाय जवळजवळ, शरीराचा भार पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे आणि मनगटे जवळजवळ स्थिर अशा पवित्र्यात हा फटका पटरच्या फटक्यासारखाच मारतात. त्यासाठी सहा क्रमांकाच्या लोखंडी क्लबपासून सँड वेजपर्यंत कोणताही क्लब चालतो. पिचमध्ये झेप मोठी व घरंगळ कमी असते. झोका मोठा असतो व मनगटे वाकतात. लॉबमध्ये मुख आकाशाकडे उघडून चेंडू जवळजवळ सरळ वर उडवितात व तो जागीच उतरतो. दिसायला हा सर्वांत आकर्षक, परंतु लांब व वेगवान झोक्याने अगदी थोडे अंतर कापावयाचे असल्याने चुकीस सर्वाधिक वाव देणाराही हाच. याउलट जमिनीलगत मारून, हिरवळीच्या अलीकडेच टेकवून चेंडू पळविण्याचा जुना स्कॉटिश फटका टणक मैदानांवर अजूनही सर्वांत भरवशाचा आहे.

फटक्याची निवड : निवडीत पहिला विचार चेंडूच्या बैठकीचा. चेंडू गवतावर वर बसला आहे, त्यात अर्धा बुडाला आहे की उघड्या कडक जमिनीवर आहे, यावरून कोणते फटके शक्य आहेत ते आधी ठरते. खळगा कोठे आहे, हा प्रश्न त्यानंतरचा. बरेच खेळाडू हा क्रम उलटा लावतात. खळगा जवळ आहे म्हणून लॉब मारावा, असे ठरवून ते चेंडूकडे येतात आणि कडक जमिनीवरील चेंडूखाली पाते जाण्यास जागाच नाही, हे फटका फसल्यावर त्यांच्या लक्षात येते.

दुसरी गोष्ट टेकण्याची जागा. शक्य असेल तेथे चेंडू काठापासून साधारण मीटरभर आत, हिरवळीच्या सपाट भागावर टेकवावा. काठाबाहेरील गवतात पहिला टप्पा कसा पडेल, याचा नेम नसतो. हिरवळीवर तो बराचसा सांगता येतो. ही जागा निश्चित झाली, की तेथपर्यंतची झेप व तेथून खळग्यापर्यंतची घरंगळ यांचे गुणोत्तर मिळते व त्यावरून क्लब निवडता येतो. यासाठी एक जुना ठोकताळा आहे. बारामधून लोखंडी क्लबचा क्रमांक वजा करावा. येणारी संख्या म्हणजे झेपेच्या किती पट चेंडू घरंगळेल ते. त्यानुसार सात क्रमांकाच्या क्लबने पाचपट, आठने चौपट, नऊने तिप्पट घरंगळ मिळते. पिचिंग वेजने ती दुप्पट व सँड वेजने झेपेइतकीच धरतात.

समजा, चेंडू हिरवळीच्या काठापासून २ मी. बाहेर व खळगा काठापासून १० मी. आत आहे. चेंडू काठाच्या १ मी. आत टेकवावयाचा, तर झेप ३ मी. व घरंगळ ९ मी. होते, म्हणजे नऊ क्रमांकाचा क्लब योग्य. खळगा काठापासून ३ मीटरांवरच असेल, तर झेप तेवढीच पण घरंगळीस २ मीटरच उरतात आणि सँड वेज किंवा त्याहून अधिक कलाचा वेज घ्यावा लागतो. हा ठोकताळा सपाट व मध्यम वेगाच्या हिरवळीपुरताच खरा आहे. चढावर चेंडू लवकर थांबतो म्हणून कमी कलाचा क्लब घ्यावा, उतारावर अधिक कलाचा. हिरवळीचा वेग ‘स्टिंपमीटर’ने मोजतात. एडवर्ड स्टिंप्सन या हौशी अमेरिकन खेळाडूने १९३५ मध्ये कल्पिलेले हे साधन म्हणजे सु. ९१ सेंमी. लांबीची खोबणीदार पट्टी होय. ती सु. २० अंशांपर्यंत उचलली, की तिच्यावरील चेंडू सुटतो व तो सपाट हिरवळीवर जितके फूट जातो, तो तिचा वेग. आठ फुटांची हिरवळ संथ, तर अकरा-बारा फुटांची वेगवान समजतात. संथ हिरवळीवर शिकलेला ठोकताळा वेगवान हिरवळीवर जसाच्या तसा लावल्यास चेंडू खळग्याच्या बराच पुढे जातो.

एकच आवडता वेज सर्वत्र वापरावा की फटक्याप्रमाणे क्लब बदलावा, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. एका क्लबचा हात पक्का बसतो, हा पहिल्या मताचा आधार. स्पेनचा सेव्हेरियानो बालेस्टेरोस याचे उदाहरण त्यासाठी देतात. लहानपणी पेद्रेन्या गावच्या समुद्रकिनाऱ्यावर तो एकाच तीन क्रमांकाच्या लोखंडी क्लबने सर्व प्रकारचे फटके शिकला. परंतु तीन क्रमांकाच्या क्लबने वाळूतून चेंडू उचलण्याची त्याची किमया वर्षानुवर्षांच्या सरावातून आली होती. आठवड्यातून एकदा मैदानावर येणाऱ्या खेळाडूने क्लब बदलून झोका तोच ठेवावा, हे अधिक व्यवहार्य.

साधारण नियम असा, की पटर चालत असेल, तर चिप मारू नये. चिप चालत असेल, तर पिच मारू नये आणि दुसरा उपायच नसेल, तेव्हाच लॉबकडे वळावे. पटरचा चुकलेला फटकाही चेंडूला हिरवळीवर आणून सोडतो, तर चुकलेला लॉब पुष्कळदा चेंडूला जागचा हलवीत नाही. काठाबाहेरील गवत बारीक, कोरडे व सपाट असेल, तर कित्येक मीटर अंतरावरूनही पटर वापरणे शहाणपणाचे असते. अनेक खेळाडूंना यात कमीपणा वाटतो, त्याला इलाज नाही.

या तारतम्याचे एक बोलके उदाहरण १९९५ च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेतील आहे. सेंट अँड्रूझच्या जुन्या मैदानावर अठराव्या हिरवळीपुढे ‘व्हॅली ऑफ सिन’ नावाचा खोलगट भाग आहे. इटलीच्या कॉस्टँटिनो रोक्काला बरोबरी साधण्यासाठी शेवटच्या खळग्यावर दोन फटक्यांत चेंडू घालावयाचा होता. त्याने वेजने चिप मारली. पाते जमिनीत बसले आणि चेंडू घरंगळत त्या खोलगट भागात येऊन थांबला. तेथून त्याने पटर घेतला व सु. २० मीटरांवरून, चढावरून, चेंडू थेट खळग्यात घातला. बरोबरी झाली, परंतु पुढील चार खळग्यांच्या निर्णायक खेळात जॉन डॅलीने त्याला हरविले.

बंकरमधील फटका : बंकरमध्ये, चेंडू चांगला बसलेला असल्यास, पात्याने चेंडूला स्पर्श करावयाचा नसतो, हे त्याचे वैशिष्ट्य. मुख थोडे उघडून, चेंडूच्या सु. ५ सेंमी. मागे वाळूत पाते शिरवितात व चेंडूखालून पुढे काढतात. उडणारी वाळू चेंडूला आपल्याबरोबर उचलून नेते. मुख उघडल्याने तळाचा बाउन्स पुढे येतो व पाते रुतत नाही. फटक्याची बरीच शक्ती वाळू हलविण्यात खर्च होत असल्याने झोका त्याच अंतराच्या पिचपेक्षा खूप मोठा लागतो. चेंडूजवळ आल्यावर भीतीने झोका आखडता घेणे, हे बंकरमधील अपयशाचे नेहमीचे कारण असते. चेंडू वाळूत रुतलेला असेल, तर मुख सरळ ठेवून पुढची कड खोल जाऊ द्यावी लागते. अशा चेंडूला फिरकी नसते व तो पुष्कळ घरंगळतो. ओल्या, दडपलेल्या वाळूवर पाते उसळते म्हणून तेथे कमी बाउन्सचा क्लब घेऊन चेंडूच्या थोडे जवळ मारतात.

गवत व हवामान : थंड प्रदेशांतील हिरवळी बेंट जातीच्या नाजूक गवताच्या असतात. उष्ण प्रदेशांत बर्म्युडा गवत लावतात. नाव परदेशी असले, तरी हे आपल्याकडील हरळीच होय. हिच्याच दूर्वा गणपतीला वाहतात. हिरवळीसाठी मात्र हरळी व तिची एक आफ्रिकी भाईबंद यांच्या संकरातून काढलेल्या बारीक पानांच्या जाती वापरतात. हरळी आडवी पसरते, त्यामुळे तिला मखमलीसारखी लव असते. लवेच्या दिशेने पाहिल्यास हिरवळ चकचकीत व फिकी, उलट दिशेने पाहिल्यास गडद दिसते. लवेच्या दिशेने चेंडू लांब पळतो, विरुद्ध दिशेने तो अडतो. काठाबाहेर लवेच्या विरुद्ध चिप मारण्याची वेळ आली, तर पातळ धारेचे पाते गवतात अडकते. अशा वेळी अधिक बाउन्सचा वेज किंवा सरळ पटर घेणे बरे.

भारतात गॉल्फ जुना आहे. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गॉल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला. मुंबई, पुणे येथील मैदानांवर ऋतूप्रमाणे आखूड फटक्यांचे तंत्र बदलावे लागते. पावसाळ्यात जमीन भिजून मऊ झालेली असते, काठावरील गवत झपाट्याने वाढते व टेकलेला चेंडू जागीच रुततो. तेव्हा घरंगळीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नसतो. चेंडू खळग्याच्या बराच जवळ टेकवावा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये तेच मैदान टणक होते आणि हिरवळीच्या अलीकडे टेकवून चेंडू पळविणे सोयीचे ठरते. पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशांत काही मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे सपाट वर्तुळ असते व त्याला ‘ब्राउन’ म्हणतात. त्यावर लव नसते, पण टप्प्याचा अंदाज सर्वस्वी वेगळा असतो. ब्राउनवर शिकलेल्या खेळाडूला हिरवळीवर येताच सारे माप पुन्हा जुळवावे लागते.

काही प्रसिद्ध फटके : १९७६ मध्ये रॉयल बर्कडेल येथे ब्रिटिश खुल्या स्पर्धेच्या शेवटच्या खळग्यावर एकोणीस वर्षांच्या बालेस्टेरोसने दोन बंकरांमधील अरुंद वाटेने चेंडू जमिनीलगत पळवीत खळग्याजवळ नेला. बंकरांवरून उंच पिच मारणे हा तेथे सर्वसामान्य पर्याय होता. या फटक्यामुळे त्याला जॅक निक्लॉसबरोबर संयुक्त दुसरे स्थान मिळाले. १९८२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत पेबल बीच येथे टॉम वॉटसनचा चेंडू सतराव्या हिरवळीबाहेरील उंच गवतात पडला होता आणि उतारावर खळगा अगदी जवळ होता. निक्लॉस आपली फेरी संपवून बरोबरीत उभा होता. वॉटसनने सँड वेजचे मुख उघडून मारलेला चेंडू थेट खळग्यात गेला व पुढे तो दोन फटक्यांनी जिंकला. हा फटका धाडसी म्हणून सांगितला जातो; परंतु चेंडू गवतात वर बसलेला होता म्हणूनच तो शक्य झाला. १९८७ च्या मास्टर्स स्पर्धेत लॅरी माइझने निर्णायक खेळात अकराव्या खळग्यावर सु. ४३ मीटरांवरून सँड वेजनेच, पण चेंडू खाली ठेवून, हिरवळीच्या अलीकडे टेकवीत खळग्यात घातला व ग्रेग नॉर्मनला हरविले. एकाच क्लबने वॉटसनने चेंडू चढविला व माइझने पळविला.

नियम : हिरवळीभोवतीचा बारीक गवताचा कडेचा पट्टा नियमानुसार हिरवळीचा भाग नसतो. त्यामुळे तेथे चेंडू उचलून पुसता येत नाही, तसेच मार्गातील सुटी वाळू किंवा टप्प्यांचे खड्डेही सारखे करता येत नाहीत. काठाबाहेरून पटर वापरणारे याबाबतीत वारंवार चुकतात. हिरवळीबाहेरून मारलेला चेंडू निशाणाच्या काठीला लागल्यास दंड पूर्वीही नव्हता. २०१९ पासून हिरवळीवरून मारलेल्या चेंडूलाही ती सवलत मिळाली. चिप मारताना काठी खळग्यातच ठेवणे बहुधा फायद्याचे असते, असे पेल्झ यांच्या प्रयोगांत दिसून आले होते. बंकरमध्ये चेंडूच्या लगत पुढे वा मागे, सरावाच्या झोक्यात किंवा मागे नेताना पात्याने वाळूला स्पर्श करण्यास मनाई आहे. त्यातील सुटी पाने, दगड इ. उचलण्याची परवानगी मात्र २०१९ मध्ये देण्यात आली. चेंडू खेळण्याजोगा नाही असे ठरवून दोन फटक्यांच्या दंडाने तो बंकरबाहेर ठेवण्याची मुभाही तेव्हाच मिळाली.

आखूड फटक्याच्या संथ झोक्यात पाते चेंडूला कधी कधी दोनदा लागते. पूर्वी यासाठी एका फटक्याचा दंड होता. १९८५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत ओकलंड हिल्स येथे तैवानचा त्झे-चुंग चेन अखेरच्या दिवशी चार फटक्यांनी आघाडीवर होता. पाचव्या हिरवळीजवळच्या दाट गवतातून चिप मारताना त्याचे पाते अडकले, मग निसटून हवेत असलेल्या चेंडूला पुन्हा लागले. दंड धरून चार फटक्यांच्या त्या खळग्यावर त्याचे आठ फटके झाले. अँडी नॉर्थने ती स्पर्धा जिंकली आणि चेन एका फटक्याने मागे राहिला. २०१९ च्या नियमांप्रमाणे असा अनवधानाने झालेला दुहेरी स्पर्श एकच फटका समजतात व त्यासाठी दंड नाही.